म्हाबळूचं वाकडं नाक

म्हाबळू, आधीच सांगते. माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी चौथीच्या वर्गातच ठेवून आले. चुकलं असेल तिथं पोटात घाल. तुला मी कधी लिहिलंच नाही. तू फोनवर बोलून पाठवायचास आणि मी उलट बोलून पाठवायची, तेही गोठ्यात जाऊन, कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. आता बोललेलं कुठं पोचत नाही. म्हणून लिहिते.

तुझा फोन माझ्याकडे आहे. रामनगरचं तुझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आवरून आमचे हे परत आले आणि त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. कोपऱ्यात काच तडकली आहे, बाकी सगळं चालतं. मोटारसायकल मात्र ओळखू येत नाही म्हणतात. त्या रविवारी सकाळी तू नेहमीसारखा गुंदला माझ्याकडे निघाला होतास. रस्त्यावर धुकं होतं आणि धुक्यात गवा उभा होता. तुझ्या मागून येणारा टेम्पोवाला सांगतो, तू पडल्यावर गवा थोडा वेळ तसाच थांबला, मग सावकाश रस्ता ओलांडून परत धुक्यात गेला.

यापुढं त्याबद्दल लिहिणार नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे, आणि ते भांडणही धुक्यावरूनच चाललं होतं.

कुणाला सांगितलं तर हसतील. चारचौघांत मान वर न करणारी बाई, शेण काढता काढता भावाशी भांडते, आणि कशावरून, तर मोबाईलवरच्या गेमवरून. त्या गेमचं खरं नाव इंग्रजी, मला ते कधी धड म्हणता आलं नाही. आपण त्याला नदीचा गेम म्हणायचो. उळवीच्या जत्रेत मी तुझ्याकडे बांगड्या मागितल्या होत्या आणि तू इयरफोन घेऊन आलास.

"बांगड्या सगळ्यांच्याच हातात असत्यात की, अक्का. हे कानात घाल. नदी आयक."

आधी पाणी ऐकू आलं, मग वल्ह्याचा आवाज. नावाडी काही बोलत नव्हता, मधूनच नुसता घसा खाकरायचा. समोरचा काठ दिसत नव्हता. भर जत्रेत, माणसांच्या गर्दीत माझ्या अंगावर काटा आला.

"पलीकडं काय हाय?"

"जाऊन बग."

"तू सांग की."

"सांगितल्यावर गेम कशाला खेळायचा मग?"

मी कधीच पलीकडं गेले नाही. गेममधल्या तुझ्या घराच्या आसपास फिरायची, झाडाखालचे कंद उकरायची, रानातलं काही अंगावर आलं की घरात शिरून दार लावून बसायची. तू पोट धरून हसायचास. "लोक वाघ मारायला हा गेम घेत्यात, आणि आमची अक्का त्यात भाजी निवडती!" पण तू मला हिणवलं नाहीस. मी आले की माझ्यासाठी दाराशी दिवा लावून ठेवायचास.

आणि तुझा माणूस. तिथं ज्याला त्याला आपापला चेहरा बनवता येत होता. बाकीचे सगळे राजबिंडे, तुझं मात्र नाक वाकडं. हुबेहूब आज्जाचं. सुप्याच्या धरणात गाव जाणार म्हणून आज्जा स्वतःच्या हातानं घर उतरवत होता, तेव्हा वासा निसटून नाकावर पडला होता. ते नाक घेऊनच तो रामनगरला आला आणि ते नाक घेऊनच गेला. तू गेममध्ये ते किती वेळ खटपट करून बसवलंस. लोक विचारायचे, हा कोण रे कुरूप? तू लिहायचास, मालक आहे नदीचा.

मग ती बातमी आली, की कंपनी नदीच्या गेमचा रिमेक करणार.

तू दुकानात गिऱ्हाईक नसताना फोन समोर उभा करून गेमांवर बोलायचास आणि ते लोकांसाठी टाकायचास. टाकायच्या आधी मला पाठवायचास. इंग्रजी येणारे एवढे मित्र असून मला का पाठवायचास, ते मी विचारायचं राहिलं. मला कळलं तर सगळ्यांना कळेल, एवढंच असेल बहुतेक. तसं असलं तरी चालेल.

"जुनाच गेम, नवं कातडं," असं तू मला समजावलंस. "नवीन गोष्ट सांगायला भ्यात्यात. चालेल का न्हाई ह्येचा भरवसा न्हाई. म्हणून जे आधीच चाललंय तेच घासूनपुसून परत विकायचं."

"मग वाईट काय त्यात? आमचं गळकं छप्पर काढून ह्यांनी पत्रे घातले. मी रडत बसले काय?"

"छप्पर तुझं होतं, अक्का. तू सांगितलंस म्हणून काढलं. हितं मी खाली झोपलोय आणि वरचं छप्पर दुसराच कोण तरी काढून न्येतोय. नवा चालू झाला की जुना बंद करणार म्हणं."

"तू पैसे भरलेस न्हवं?"

"भरले की. पण ते विकत घ्यायचे न्हवते, बसायच्या भाड्याचे होते. बारीक अक्षरात लिवलंय तसं. आपण नुसते बसलेलो. आपलं काय न्हवतंच तिथं."

हे तू हसत सांगितलंस, पण त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. आपण नुसते बसलेलो, हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. आज्जाच्या तोंडून.

तू सगळ्याच रिमेकांना शिव्या घालत नव्हतास, हे मी इथं लिहून ठेवते. कुठल्याशा कंपनीनं जुना गेम तसाच ठेवून शेजारी नवा मांडला होता, ज्याला जो पाहिजे तो खेळा म्हणून. त्यांचं तू इतकं कौतुक केलंस, की मीच म्हटलं, तिथली सोयरीक आलीय काय तुला? तुझा राग दुसऱ्यावर होता. "भूक लागायच्या आधी पैसे घ्यायचे, मग अर्धा कच्चा भात वाढायचा, आणि आठ दिवसांनी म्हणायचं, आता शिजलाय, परत पानावर बसा." आणि ज्यांनी ही नदी केली त्यांना कंपनीनं कामावरून काढून टाकलं होतं, त्याचा तुला सगळ्यात जास्त राग. नव्या लोकांनी नदीचे नुसते फोटो बघितलेत म्हणायचास. त्यांना नावाड्याचं खाकरणं माहीत नाही. खरंच, नव्या गेममध्ये त्यांनी नावाड्याला बोलायला लावलं होतं. तो माणसाला नाव विचारत होता आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी सांगत होता.

माझं छपराचं म्हणणं तू तुझ्या बोलण्यात घातलंस. "आमची एक अक्का म्हणते," असं म्हणून. खाली लोकांनी लिहिलं, अक्काचं बरोबर आहे. एकानं लिहिलं, चॅनल अक्काला दे आणि तू दुकान सांभाळ. तू मला ते वाचून दाखवलंस तेव्हा गोठ्यात गाईशिवाय कुणी नव्हतं, तरी मी पदर तोंडावर घेतला. माझं म्हणणं कुणी ऐकलं, असं तोवर कधी झालं नव्हतं. त्याचे आभार मी मानले नाहीत. आपल्यात कुठं तशी रीत आहे.

पण खरं भांडण धुक्याचं. नव्या गेममध्ये त्यांनी धुकं काढून टाकलं. तू सांगितलंस, जुन्या काळी मशिनींना लांबचं चित्र काढायची ताकद नव्हती, म्हणून बनवणाऱ्यांनी मधे धुकं सोडलं आणि आपली गरिबी झाकली. आता ताकद आहे. आता पहिल्या पावलापासून डोंगरापर्यंत सगळं दिसतं, शिवाय वाट चुकू नये म्हणून जमिनीवर बाण उमटतात.

"भीतीच काढून टाकली, अक्का. धुकं होतं म्हणून माणूस जपून पाय टाकत होता."

"तू दिव्याच्या उजेडात ऱ्हातोस रामनगरात. हितं येऊन धुक्यात हुबा ऱ्हा, आणि मग सांग. मला इचारलं तर जगातलं सगळं धुकं काढून टाकावं."

"पलीकडं काय हाय ते दिसलं की मग कोण थांबतंय नदीवर?"

"न थांबेनात. घरला तरी जातील."

मी अजून तेच म्हणते, म्हाबळू. आता तर जोरात म्हणते. तू काहीतरी उलट बोल ना.

मी तुला देवाचंही सांगून बघितलं होतं. मूर्ती झिजली की नवी करतात, जुनी पाण्यात सोडतात, देव काय तक्रार करतो? तू म्हणालास, "आधी कौल लावत्यात न्हवं? कंपनीनं कुणाला कौल लावला?"

कौलाची गोष्ट तर आपल्या घरातलीच. गाव सोडायच्या आधी देवाचं बघणाऱ्या गावकारानं देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या होत्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. डावी पडली. परत लावल्या, परत डावी. तिसऱ्यांदा लावल्या, पण पडेपर्यंत कुणी थांबलं नाही, कारण सामान भरून झालं होतं. नव्या जागी नवा पाषाण बसवला. जुना तिथंच राहिला. आज्जा उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर जाऊन बसायचा आणि परत आला की कुणाशी बोलायचा नाही. एकदाच बोलला होता, आपण दोघं होतो तेव्हा. "धरणाचे पैसे थोडे थोडे येत होते तवर आम्ही भात लावत होतो. शेवटचा पैसा आला, आणि देणारा म्हणाला, आता तुमचं काय बाकी न्हाई. तवा उमगलं. पैसे पुरते आले म्हंजे पाणी आलंच." तू लहान होतास, पण ते तुझ्या लक्षात होतं.

कारण पुढं लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीनं जाहीर केलं, की जुना गेम ठरल्या दिवशी बंद होणारच. ज्याला पाहिजे त्यानं आपला माणूस नव्या गेममध्ये न्यावा. जो जाणार नाही, त्यानं जुन्यात आजवर भरलेले सगळे पैसे आपोआप परत मिळतील. लोक नाचायला लागले, जिंकलो म्हणून. तुझा आवाज मात्र बसलेला होता. "अक्का, पुरते पैसे देणार म्हणत्यात. मला आज्जा आठवला."

शुक्रवारी तुझं शेवटचं बोलणं आलं. ते मी परत ऐकत नाही, मला पाठ आहे.

"रविवारी येतो. तवर एकाचं उत्तर काढून ठेव. समज, उद्या मलाच नवीन करून पाठवलं. बोलणं तेच, चालणं तेच, नुसतं जरा साफसूफ करून. तर दार उघडशील काय?"

मी गोठ्यात जाऊन म्हटलं, "नाक सरळ केलं असलं तर उघडते की. लगीन तरी ठरंल तुझं."

तू ते ऐकलंस. तशी खूण उमटली. उलट काही बोलला नाहीस. रविवारी समोर बसून बोलणार होतास.

तुझे दिवस झाले आणि फोनवर कंपनीची सूचना यायला लागली. तुझा फोन उघडायची खूण मला माहीत होती, बोटानं नदीचं वळण काढायचं. घरात रेंज नाही, गोठ्यात येते ती बोललेलं पाठवण्यापुरतीच, तुला माहीत आहे. मी रानाच्या कडेला रेंजच्या दगडावर जायची, पाल्याचा भारा बाजूला ठेवून बसायची. नदीचा गेम उघडला की आभाळात मोठी पाटी यायची, बंद व्हायला थोडे दिवस राहिले म्हणून. रोज गेले की काठावरची घरं ओस पडलेली. शेजारचा परदेशी, जो तुला नेहमी मासे द्यायचा, त्याचं दार उघडंच राहिलं होतं. मी आत डोकावून बघितलं. चूल जळत होती, माणूस नव्हता. सगळे नव्या काठाला गेले होते. तुझ्या दाराशी दिवा होता. तुझा माणूस वाकडं नाक घेऊन उभा होता आणि मी बोट लावलं की माझ्याबरोबर चालत होता.

पाटीखाली दोन चौकोन होते. एक, नव्यात न्या. दुसरा, राहू द्या. काहीच दाबलं नाही तर राहणार, आणि मग संपणार.

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "ने की त्येला नवीनात. निदान नाव तरी ऱ्हाईल पोराचं. न्हाईतर पैसे येतील. दोन्हीत वाईट काय हाय?" ह्यांचं चुकत नव्हतं. पण मला ठरवता येईना. एकदा हात नव्याकडं जायचा आणि मागं यायचा. नव्यात जाणार नाही, असं तू चॅनलवर सगळ्यांसमोर बोलला होतास, पण ते जिवंत माणसाचं बोलणं. मेल्यावरही तेच म्हणतोस का, ते मला कुठून कळावं?

म्हणून मी कौल लावायला गेले. एकटी. गावकारासमोर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिले.

"काय इचारायचंय, पोरी?"

"एक माणूस हलवायचा हाय."

"घरातला?"

"व्हय."

"कुठनं कुठं?"

"जुन्या जाग्यावरनं नव्या जाग्यावर."

त्यानं पुढं विचारलं नाही. तुझं घडलेलं त्याला माहीत होतं. पाकळ्या भिजवून पाषाणाला लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही बसलो. पाकळ्यांवरचं पाणी वाळलं तरी उजवी पडली नाही, डावी पडली नाही. कडा मुरडून त्या तिथंच चिकटून राहिल्या. गावकारानं अंगावरचं उपरणं सारखं केलं. "माझ्या उभ्या जन्मात असं झालं न्हाई. देव व्हय म्हणत न्हाई, न्हाईबी म्हणत न्हाई. हे त्येच्या हद्दीतलं न्हवं. तिथं तुझं तूच बग, आणि जपून ऱ्हा."

जपून राहा का म्हणाला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दगडावर बसून मी पहिल्या चौकोनाला बोट लावलं. लगेच नेलं नाही. आधी दाखवलं, नव्यात तुमचा माणूस असा दिसेल. तो तूच होतास. उंची तुझी, उभं राहायची लकब तुझी, एका पायावर भार टाकून. गोरा झाला होतास. आणि नाक सरळ होतं. अगदी सरळ, कुणी ओळंबा धरून बसवल्यासारखं. त्यानं माझ्याकडं बघून पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि हसला. त्याच्या मागं धुकं नव्हतं. नदीचा पलीकडचा काठ लख्ख दिसत होता. तिथं काही नव्हतं, म्हाबळू. नुसतं गवत होतं, सगळीकडं एकसारखं.

खाली लिहिलं होतं, नक्की का?

तो हसत उभा होता, दार उघडायची वाट बघितल्यासारखा. तुझ्या प्रश्नाचं मी चेष्टेनं दिलेलं उत्तर समोर उभं राहून माझ्याकडं बघत होतं. मी उघडलं नाही. मागं आले, जुन्या काठावर आले, तू तिथं होतास तुझं नाक घेऊन. हेच माझं खरं उत्तर. रविवारी हेच सांगितलं असतं आणि तू म्हणाला असतास, बग, आलीस का न्हाई माझ्या बाजूला? आले. धुक्याचं सोडून बाकी सगळ्यात आले.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणं उरकून मी दगडावर गेले. कोयता बरोबर होता, पण पाला तोडला नाही. नदीवर कुणी नव्हतं. तुझ्या माणसाला मी पाण्यापर्यंत नेलं. नावाडी नावेत बसला होता, खाकरला. मी पहिल्यांदाच म्हटलं, चल, पलीकडं जाऊ. नाव निघाली. वल्ह्याचा आवाज कानात येत होता. मागं बघितलं तर डोंगर नव्हता. धुकं पुढं आलं होतं. मग शेजारचं घर गेलं. मग तुझं घर गेलं, दाराशी दिवा तेवढा थोडा वेळ दिसला, मग तोही नाही. पाण्याचा आवाज थांबला. वल्हं वर गेलं ते खाली आलंच नाही. नावेत तू माझ्याकडं पाठ करून उभा होतास, आणि धुकं नावेच्या कडेवर चढत होतं.

मग काळी काच. संपर्क नाही, असं लिहून आलं.

आपल्याकडं रेंज जाते तशी गेली, असंच मला वाटलं. मी दगडावर उभी राहिले. फोन वर धरला. मग त्याच्याही वरच्या खडकावर चढले, पदर खोचून, हात जितका वर जाईल तितका वर करून, या बाजूला, त्या बाजूला. तुला नावेत तसं मधेच कसं सोडायचं? खालून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई आभाळातून काय मागते? मी कुणाची लाज धरली नाही. "आलास काय?" असं मोठ्यानं ओरडलेसुद्धा.

तेवढ्यात फोन हातात थरथरला. मी घाईनं खाली घेऊन बघितला. कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. रेंज गेलीच नव्हती.

बँकेचा मेसेज होता. नदीच्या गेममध्ये तू आजवर भरलेले पैसे तुझ्या खात्यात परत जमा झाले होते. पुरते.